एकाच डब्यातलं

साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत मी तीनदा जागा बदलली. ऊन लागतं म्हणून एकदा, खिडकी खडखडते म्हणून एकदा आणि तिसऱ्यांदा तर कारणच नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "ताई, गाडी तीच हाय, कुटंबी बसा की." मी उगाच त्याच्यावर खेकसले.

धावण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या आमच्या सरांनी बोलावलं होतं. मेढ्याच्या माझ्या मैत्रिणीची चार वर्षांची बंदी संपली होती. तिला क्लबात परत घ्यायचं की नाही, यावर बैठक होती. "तुझं मत आधी घेणार," सर फोनवर म्हणाले होते. "नुकसान तुझं झालेलं."

नुकसान! त्या शर्यतीत ती पहिली आली, मी दुसरी. तपासणीला त्या दिवशी फक्त पहिलीला नेलं. पुढे तिच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं आणि पहिल्या नंबरचं पदक कुरिअरने आमच्या कुपवाडच्या घरी आलं. वडिलांनी कारखान्यात पेढे वाटले. माझ्या घशाखाली एकही उतरला नाही.

कारण पावडरीचा डबा मी आणला होता. साताऱ्यात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. सुट्टीत घरी गेले की येताना मी काहीतरी खायचं आणायची. शर्यतीआधीच्या खेपेला सांगलीतल्या एका दुकानातून तो डबा आणला. "आठ दिवसांत फरक बघा," दुकानदार म्हणाला. कशामुळे, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर डबा तिथेच ठेवून यावं लागलं असतं, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. तिला मात्र ताकदीचं आहे म्हणून सांगितलं. रोज सकाळी दुधातून दोन चमचे तिला, दोन मला.

चौकशीत तिने डब्याचं नाव काढलं नाही. मीही गप्प बसले. चार वर्षांत तिला एक फोन केला नाही मी. अशी मी मैत्रीण.

बैठक तावातावाने चालली. एकजण म्हणाले, शिक्षा भोगली, आता काय जन्मभर उन्हात उभं करायचं तिला? दुसरे म्हणाले, हिला घेतलं तर बाकीच्या पोरी काय शिकतील? मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"घ्या तिला," मी म्हणाले. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात सरांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात मोठं मन!" टाळ्या वाजल्या आणि ते वाक्य मी गिळलं. लाज वाटली, स्वतःचा रागही आला. चहा न घेताच बाहेर पडले.

ती मैदानाच्या कडेला बुटाच्या नाड्या बांधत होती. वाळली होती, पण पोटऱ्या तशाच, डोंगरातल्या.

"घेतलं व्हय?" तिने विचारलं.

"घेतलं."

"आन् डब्याचं?"

"न्हाई बोलले."

ती हसली. "बरं झालं. दोगी घरी बसून काय करनार हुतो?"

"तू का न्हाई सांगितलंस तवा?"

"तू सांगशील म्हनून थांबले हुते." नाडीची गाठ तिने ओढून पाहिली. "मग लय दिस झालं. मग म्हनलं, जाऊ दे."

ती उठली, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि अगदी मायेने म्हणाली, "माजी चार वर्सं सरली गं. तुजी अजून चालूच हायत व्हय?"

आणि ती पळायला लागली. पहिल्या वळणापर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले. मग मागे फिरले आणि बैठकीच्या खोलीच्या पायऱ्या चढले. आत सर अजून माझंच कौतुक करत होते.