पाय उचलला होता

गोखिवऱ्यात ज्युलियसचं गॅरेज आणि माझं सुट्या भागांचं दुकान, मध्ये एकच भिंत. तीस वर्षं मी त्या भिंतीतून त्याची बडबड ऐकली आणि तीस वर्षं त्याला चिडवलं. बॉनेट उघडायच्या आधी नुसता आवाज ऐकून तो गाडीचा आजार सांगायचा. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि वर ऐट अशी की, "जा, लिटरला दोन किलोमीटर जास्त देईल." आमच्याकडे नवी गाडी चर्चच्या दारात आशीर्वादाला उभी असली तरी लोक पहिलं विचारतात, ॲव्हरेज किती? ज्युलियसचं सगळं नाव त्या एका प्रश्नावर उभं होतं. पेट्रोल वाया गेलेलं पाहिलं की ताटात भात टाकलेला दिसावा तसा तो कळवळायचा.

मग कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि स्क्रूच गेला. ज्युलियस वर्षभर नुसता बसून राहिला. अठ्ठावन्नाव्या वर्षी हट्टानं लॅपटॉप शिकला. मी म्हटलं, "आता चष्मा लावून गाड्या ऐक." त्यानं मला त्याच्या खास शिव्या दिल्या, पण चेहरा खुलला होता.

दोन हजार सातच्या जानेवारीत पाचूबंदरच्या सालोमीबायचा ॲल्रॉय त्याच्याकडे आला. चोवीस वर्षांचा, विमानतळावर कार्गोत कामाला. बाप गेलेला, आईनं मासळी विकून वाढवलेला. जुनी सेडान घेतली होती, आणि दुबईच्या मावसभावानं तिच्यासाठी रेसचा कॅमशाफ्ट पाठवला होता. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा हा दांडा. रेसचा दांडा ते जास्त वेळ उघडे ठेवतो. वर वेगात जोर येतो, पण खाली, फेरे कमी झाले की इंजिनाचा श्वास अडकतो. गाडी उभी असताना ढगढग आवाज करते. पोरांना तोच आवाज हवा असतो.

दांडा बसवणं सोपं होतं. खरं काम लॅपटॉपवर. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, आणि फेरे उतरत ठरलेल्या आकड्यावर आले की पुन्हा सोडतो. साध्या इंजिनाला मिनिटाला तेराशे फेरे हा आकडा पुरतो. या दांड्याला पेट्रोल बरंच आधी, दोन हजारांवरच सोडायला हवं, नाहीतर इंजिन स्वतःला सावरू शकत नाही, बंद पडतं. ज्युलियसला हे माहीत होतं, त्यानंच मला समजावलं. चाचणीला मी मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याच्या शेजारी बसलो होतो.

"दोन हजार म्हणजे नुसतं पेट्रोल ओतणं रे, कॉन्रॅड," तो म्हणाला आणि त्यानं तेराशे ठेवला.

ॲल्रॉय म्हणालाही, "अंकल, ॲव्हरेज गेलं तरी चालेल." ज्युलियस हसला. असं म्हणणारं गिऱ्हाईक त्याला तीस वर्षांत भेटलं नव्हतं. त्याचा विश्वासच बसला नाही.

गॅरेजच्या दारातच गाडी दोनदा बंद पडली. ज्युलियसनं तेराशेचे चौदाशे केले आणि ॲल्रॉयला सांगितलं, "थांबताना पाय एकदम उचलू नको, जरा धरून ठेव." मी म्हटलं, "या दांड्यावर एवढं ॲव्हरेज वसईत कुणी दिलं नसेल." मीच म्हटलं.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी, चर्चमधली मिस्सा संपवून घरी जाताना, किल्ल्याच्या रस्त्यावरच्या वळणावर गाडी चिंचेच्या झाडावर गेली. ॲल्रॉय जागच्या जागी गेला. पंचनाम्यात अतिवेग. गावातही तेच. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगड होतो, हे कुणाच्या डोक्यात येणार? मासळीची पाटी घेऊन चाललेली अँजेलिना तेवढी सांगत राहिली, "गाडीचा आवाज एकदम गेला, मग धडाका." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ज्युलियसनं दिलं. तो माझ्या दुकानात आला आणि स्टुलावर बसला.

"पाय उचलल्याशिवाय पेट्रोल तुटत नाही," तो म्हणाला. "पोरानं वळणाआधी पाय उचलला होता, कॉन्रॅड. हळू केली होती त्यानं."

मी म्हणालो, गप्प बस.

तो दोन महिने गप्प बसला. लेंटच्या उपवासकाळातल्या एका रविवारी फादरनी प्रवचनात पोरांना वेगाबद्दल बजावताना ॲल्रॉयचं नाव घेतलं. पहिल्या बाकावर सालोमीबाय होकारानं मान डोलवत होती. पोराच्या मरणाचा राग तिनं पोरावरच काढला होता. त्याचा फोटोसुद्धा कपाटात टाकला होता. ज्युलियस भर मिस्सेतून उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन तो पाचूबंदरला निघाला आणि मला म्हणाला, "तू चल. माझं एकट्याचं तिला पटणार नाही."

तिच्या ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. दांडा, पेट्रोल, चौदाशेचा आकडा. बोट ठेवून आकडा दाखवला. "तुझ्या पोराची चूक नव्हती, बाय. त्यानं पाय उचलला होता. मी मारला त्याला."

सालोमीबाय लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं, मी पाहिलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"ज्युलियसभाऊ, तुमी चांगलं मानूस. मला बरं वाटावं म्हनून अंगावर घेता. पन आकडा मानूस मारतो का कधी?" ती माझ्याकडे वळली. "कॉन्रॅड, तू सांग. हे बोलतात ते खरं हाय?"

ज्युलियस माझ्याकडे बघत होता. मला डोळ्यांपुढे गावातली चिडलेली पोरं दिसली, पोलीस दिसले, फोडलेलं गॅरेज दिसलं. मित्राला वाचवतोय असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मांडीवरचा लॅपटॉप आठवला आणि मी स्वतःसाठी घाबरलो.

"फार खचलाय गं तो," मी म्हणालो. "झोपत नाही. काहीबाही बोलतो."

"तेच," सालोमीबाय म्हणाली. "माझं पोरगंच उनाड होतं." आणि ती आम्हाला चहा करायला आत गेली.