रफिकभाईंच्या दुकानातली पेन्सिल-परीक्षा

पेन्सिल छिलत गेलं की ती संपते, छिलपटं मात्र वाढतच जातात. आमच्या मंडळाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. मंडळ म्हणजे आम्ही तिघंच. मी शाळेत ड्रॉइंगचा मास्तर, रफिकभाईंचं अमरावतीत चित्रकलेच्या सामानाचं दुकान आणि प्रवीणचा नांदगाव पेठच्या पुढे संत्र्याचा बगीचा. दर रविवारी दुकानात बसून आम्ही रंगीत पेन्सिलींची तुलना करायचो. कुठली मऊ, कुठलीचं शिस तुटतं, कुठलीचा रंग टिकतो. शेतीचे दिवस इतके वाईट होते की भारी पेन्सिल घेणारं गावात कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे रिव्ह्यू लिहायचे आम्हीच आणि वाचायचेही आम्हीच!

प्रवीणचं दुखणं वेगळं होतं. पोरगा निर्व्यसनी, हातात कला, पण शेती करतो म्हटलं की लग्नाला पोरगी मिळेना. शिपाई चालेल, शेतकरी नको, असा तो काळ. पस्तिशी जवळ आली होती. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण तोंडावर आम्ही टिंगलच करायचो.

*

एका मे महिन्यात रंग उन्हात किती उडतो ते पाहायचं ठरलं. सगळ्या कंपन्यांचे पट्टे कागदावर रंगवले, अर्धा कागद काळ्या पुठ्ठ्यानं झाकला आणि रफिकभाईंच्या गच्चीवर विटा ठेवून मांडला. अमरावतीचं ऊन! भलेभले रंग पांढरे पडणार, अशी आमची खात्री.

महिन्यानं वर गेलो, वाऱ्यानं येऊन पडलेली कुणाचीशी सतरंजी बाजूला सारली, तर एकाही कंपनीचा रंग तसूभर उडालेला नाही. रफिकभाई खूश. "सब के सब पास!"

तेवढ्यात शेजारच्या कमलाकाकू त्यांच्या गच्चीवरून म्हणाल्या, "माही सतरंजी देऊन टाका आता. तुमी गेले अन् म्या लगेच झाकून टाकलं होतं. एवढं चांगलं रंगवलेलं, उन्हानं रंग नसता उडाला का बापा?"

*

मग एकदा कृषी खात्यातले एक साहेब दुकानात आले. गुलाबी बोंडअळीचा चार्ट हवा होता. शेतकऱ्यांना अळी ओळखता यावी, म्हणून रंग अगदी हुबेहूब पाहिजे, असं बजावून त्यांनी आगपेटीत एक जिवंत अळी दिली.

आता गुलाबी म्हणजे कुठला गुलाबी? रफिकभाईंनी दुकानातले सगळे गुलाबी काढले. मी म्हणालो, हिच्यात थोडा जांभळा आहे. प्रवीण म्हणाला, "सर, म्या जल्मभर अळ्या पाह्यल्या. हे मातकट आहे." भांडण त्या रविवारी मिटलं नाही, पुढच्या रविवारीही मिटलं नाही. शेवटी आम्ही एका पेन्सिलीवर एकमत केलं आणि शेवटची खात्री करायला आगपेटी उघडली.

आतून एक करडा पतंग भुर्रकन उडाला आणि ट्यूबलाइटवर जाऊन बसला.

प्रवीण शांतपणे म्हणाला, "रफिकभाई, करड्या पेन्सिली काढा."

*

याच प्रवीणला अकोल्याला मुलगी पाहायला नेलं. सोबत मी होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलीचे मामा जरा खवचट. म्हणाले, "चित्रं काढता म्हणे. मंग काढा आमच्या पोरीचं!" घरातली एक रंगीत पेन्सिल आणि पाठकोरा कागद पुढे केला.

मला वाटलं, आता पोरगं जिंकलं. प्रवीणनं पेन्सिल हातात घेतली, कागदावर एक रेघ मारली, थांबला. दुसरी मारली. मग नखानं शिस कोरून वास घेतला. असा बराच वेळ गेला आणि मुलगी बिचारी उठून आत निघून गेली.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "कशी वाटली?"

"लय कडक होती. रंगच सोडत नोती."

"अरे, पोरगी!"

"पोरगी?" तो खरंच आठवू लागला. "समोर बसली होती तेच का?"

त्या घरून नकार आला हे सांगायला नकोच.

*

त्यानंतर चांदूर रेल्वे गावचं एक स्थळ चालून आलं. मुलीचे वडील म्हणाले, आधी बगीचा पाहू, मग बोलू. पाहुणे यायचे दिवाळीआधी आणि संत्री अजून हिरवीगार! प्रवीणची आई रडकुंडीला आली. "हिरवी फळं पाहून कोन पोरगी देईन? म्हनतीन, याच्या बगीच्यात काही पिकतच नाही."

प्रवीण दुकानात येऊन मान खाली घालून बसला. "सर, हे बी गेलं तं मी आता पाहनं बंद करतो," म्हणाला. रफिकभाईंनी केशरी पेन्सिलींचा आख्खा खण काढून पिशवीत ओतला.

आदल्या दिवशी आम्ही तिघंही बगीच्यात. बांधालगतच्या रांगेतली हाताला येतील तेवढी फळं रंगवायची. संत्र्याची साल तेलकट, त्यामुळे पेन्सिल घसरते. त्यातही रफिकभाईंचा रिव्ह्यू चालूच! "ये कंपनी कागज की है, फल की नहीं."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगीही सोबत होती. वडील रांगेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वा! रंग तं मस्त आला हो!" प्रवीणच्या आईनं डोळे मिटून हात जोडले.

मुलीनं एक संत्रं तोडलं, त्यावर अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं. मग प्रवीणच्या केशरी नखांकडे पाहिलं. मी आणि रफिकभाई आभाळाकडे पाहू लागलो.

वडील पुढच्या झाडाकडे गेल्यावर ती प्रवीणजवळ आली आणि हळूच म्हणाली, "हिरव्यावर डायरेक्ट केशरी काहून घासलं? खाली आधी पांढरा मारा लागते ना!"

प्रवीणनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

"कोन्त्या कंपनीचा?"