धुरपदाचा कोरा हात

दुसरी मोठी जर्मनची लढाई संपली त्या साली बेलापूरच्या बाजारात बॅटरीवर गोंदायचं यंत्र आलं आणि धुरपदा गोंदणारणीपुढची गर्दी तिकडे वळली. "दुखत न्हाई, अन् झटक्यात व्हतं," बाया सांगत सुटल्या.

"एकच सुई साऱ्यांना खुपसतोय मेला! हात सुजले की येताल माझ्याकडंच," धुरपदा करवादली. ती दर बाईला सुई उकळून घ्यायची.

यंत्रवाल्याने हसत तिच्यादेखत सुई उकळली. "मावशी, डावा हात गोंदलेला, उजवा कोरा कसा? द्या, तुळस काढतो. फुकट."

धुरपदाने उजवा हात पुढे केला. यंत्र गुरगुरू लागलं, तसा तिने तो झटकन पदराखाली घेतला.

डावा हात तिने स्वतःच गोंदला होता. उजवा लेकीसाठी राखला होता; ठकूला सुई धरायला तिनेच शिकवलं होतं. पुणतांब्याला नांदायला जाताना ठकू म्हणाली होती, "पहिल्या माहेरपणाला तुझी तुळस मीच काढीन." सासरच्यांनी तिला अजून एकदाही धाडलं नव्हतं.

"भ्यालीस व्हय, मावशे?" बाया हसल्या.

"व्हय," धुरपदा म्हणाली आणि पुणतांब्याच्या गाड्या येतात त्या वाटेकडे तोंड करून बसली.