डिपरचा डोळा

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी दोन गोष्टी एकाच वेळी शिकायला घेतल्या: नोकरी आणि मोटार. भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळताच माझे लग्न झाले. पुढची सतरा वर्षे ते प्रमाणपत्र लोखंडी कपाटात साड्यांच्या घड्यांखाली पडून होते. यजमानांच्या बदलीमुळे सिल्वासाला आल्यावर, नव्वदच्या दशकाच्या आरंभी, मसाटच्या एका कारखान्याने मला प्रयोगशाळेत घेतले. प्लास्टिकच्या नळ्यांचे नमुने तपासण्याचे काम होते. ते इतके आवडले की घरी त्याविषयी बोलायलाही मला संकोच वाटे.

अडचण एवढीच होती की कंपनीची बस पाचला सुटे आणि दुसऱ्या नमुन्याची तपासणी सात वाजेपर्यंत चाले. टोकरखाड्याला आमच्या दारात जुनी मोटार उभी असे, कारण यजमान वापीला त्यांच्या कंपनीच्या बसने जात. त्यांनी मला गाडी शिकवली. दिवसा जमू लागले. अंधारात मात्र समोरून वाहन आले की मी गोंधळून जाई. त्या गाडीचा डिपर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली आणण्याचे बटण, क्लचच्या डावीकडे जमिनीवर होते. एकाच डाव्या पायाने क्लच दाबायचा आणि डिपरही. माझा पाय नेमका तिसरीकडेच पडे. "बहनजी, डिपर मारो," असे ट्रकवाले ओरडून जात आणि माझे कान घरी पोहोचेपर्यंत तापलेले असत.

यजमान रागावले नाहीत. महिनाभर पाहू, नाही जमले तर नोकरी सोड, एवढेच म्हणाले. त्यांच्या शांतपणामुळे ते मला अधिकच खरे वाटले.

ही हकिगत मी कोणाला सांगितली नव्हती. पण कारखान्याचा वायरमन रोज फाटकाशी माझी गाडी पाहत असे. धुळ्याकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. एके दिवशी त्याने विचारले, "मॅडम, पायाला जमत नाही ते डोळ्याला सांगू का?" आठवड्याभरात त्याने एक पेटी बनवून आणली. कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी, तिच्या तोंडावर जुन्या घड्याळाची काच आणि आत वाटाण्याएवढा एक भाग, ज्यावर प्रकाश पडला की वीज वाहू लागे. पेटी समोरच्या काचेला लागून, तोंड रस्त्याकडे करून बसवली. समोरून दिवे आले की आत 'टक्' असा आवाज होई आणि आमचा झोत आपोआप खाली येई. वाहन निघून गेले की पुन्हा टक्. यामागचे तत्त्व मी पुस्तकात शिकले होते. त्याने ते हाताने करून दाखवले होते.

तीन आठवडे मी निर्धास्त होते. मग खंडेनवमी आली. कारखान्यात सर्व यंत्रांची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, आवारातल्या गाड्यांनाही हळदकुंकू लागले. त्यानंतर दोन दिवस सुट्टी होती.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच संध्याकाळी सामरवरणीच्या वळणावर समोरून एक सायकलवाला आला. त्याच्या मागे ट्रक होता. पेटीतून टक् झाले नाही. मी पायाने बटण शोधत राहिले, आणि तो माणूस डोळ्यांपुढे हात धरून रस्त्याच्या कडेला कोसळला. मी गाडी थांबवून उतरले. कोपर खरचटले होते, डब्यातली भाजी मातीत सांडली होती. मी काय बोलले ते मलाच ऐकू आले नाही. त्याने सायकल उचलली आणि तो चालत गेला. घरी पोहोचेपर्यंत नोकरी सोडण्याचे माझे नक्की झाले होते.

सकाळी वायरमनला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सोडायचं तर सोडा, पण आधी बिघाड तर पाहू." दुपारच्या सुट्टीत त्याने गाडी गोदामात घ्यायला लावली आणि शटर खाली ओढले. फ्यूज पाहिला, शाबूत होता. तारांना बल्ब लावून पाहिला, पेटला. आतल्या रिलेला, म्हणजे टक् करणाऱ्या स्विचला, थेट वीज दिली; टक्. मग बाहेरून पेटीच्या तोंडावर बॅटरीचा झोत टाकला. समोरची काच झोताने चकाकली, पलीकडचे दिसेना; पेटीत मात्र काहीच नाही. मी मध्येच माझे ज्ञान पुढे केले. पावसाळा नुकताच सरला होता, तेव्हा दमट हवेने डाख खराब झाले असावेत, किंवा त्या वाटाण्याचा गुणधर्मच बदलला असावा. त्याने सगळे आदराने ऐकून घेतले.

"असेल मॅडम. डोळाच बदलून टाकू," असे म्हणत त्याने पेटी सोडवली आणि उलटी फिरवली. मग ती माझ्यापुढे धरली.

घड्याळाच्या काचेवर हळदकुंकवाचा जाड ठिपका वाळून बसला होता. त्यात एक अक्षतही चिकटली होती.

"मीच लावलं," तो म्हणाला. "आपल्या हातचं यंत्र, म्हणून सोडवून सगळ्यात आधी त्याला लावलं आणि तसंच परत बसवलं. पूजा झाल्यावर गाडीच्या काचा पुसल्या, हे राहिलं."

पूजेच्या वेळी मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याने ठिपका लावला आणि मी हात जोडले. प्रकाशशास्त्र हा माझा परीक्षेचा खास विषय होता, तरी तेव्हा मला काही सुचले नव्हते. हे मी त्याला सांगितले. तो पहिल्यांदाच हसला.

"म्हणजे दोघांनी मिळून आंधळा केला बिचाऱ्याला."

काच पुसली. बॅटरी धरली, टक्. पण तो तिथे थांबला नाही. यंत्र आज ना उद्या पुन्हा फसेल, तेव्हा हाताला माहीत असले पाहिजे, असे म्हणून त्याने स्टिअरिंगच्या बाजूला घरातल्या दिव्याचे असते तसे साधे बटण बसवले आणि शटर बंद असलेल्या गोदामात माझ्याकडून ते पन्नासेक वेळा दाबून घेतले. न बघता बोट तिथे जाऊ लागले तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले.

एवढे झाल्यावरही माझ्या मनातून ते मातीतले जेवण जाईना. बहुधा ते त्याला दिसले असावे. मी वर्णन केले तेव्हा तो सायकलवाला नंदुरबारकडचा, पलीकडच्या सूत कारखान्यातला, आणि वायरमनच्याच चाळीत राहणारा निघाला. सुट्टी संपायला दहा मिनिटे होती. "चला," वायरमन म्हणाला. एकटी मी कधीच गेले नसते.

सायकलवाला त्याच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर विडी ओढत बसला होता. मला पाहून त्याने ती विझवली. मी तोंड उघडण्याआधीच वायरमनने सांगून टाकले, "भाऊ, काल पडलास ना, ती चूक माझी. यंत्राच्या डोळ्यावर कुंकू मी लावलं होतं." मग माझा आवाज फुटला आणि मीही माफी मागितली.

त्याने कोपर वळवून पाहिले. "उतरल्या होत्या तुम्ही गाडीतून," तो म्हणाला. "इथं कोण उतरतं? चालवा ताई. फक्त वळणावर जरा हळू."

मी त्या कारखान्यात पुढे अकरा वर्षे काम केले. माफी मागितली त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता निघाले तेव्हा सामरवरणीच्या वळणावर समोरून एक ट्रक आला. पेटीत टक् झाले, पण त्याआधीच माझे बोट बटणावर गेले होते. ट्रकवाल्यानेही आपला झोत खाली घेतला, आणि आम्ही एकमेकांना रस्ता देत पुढे गेलो.