जपानची निवडणूक आणि शेटची मिशी

एका राष्ट्राच्या मतपेटीवर दुसऱ्या राष्ट्राचे भवितव्य अवलंबून असण्याचे प्रसंग इतिहासात थोडेच. त्यातला एक आमच्या गावाने पाहिला. अवलंबून होती एक मिशी आणि एक भाषण.

तेव्हा मी गावच्या वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस होतो. कुडाळहून दुपारच्या एसटीने आदल्या दिवशीचा पेपर येई आणि निवृत्त हेडमास्तर तो मोठ्याने वाचत. पंचायतीच्या राजकारणावर बोलायची सोय नव्हती. निम्मे पंच मास्तरांचे भाऊबंद, निम्मे किराणा दुकानवाल्या शेटचे. जपानात मात्र कुणाचेच कुणी नव्हते. तिथे निवडणूक होणार होती, म्हणून मास्तर समाजवाद्यांकडून आणि शेट सत्ताधाऱ्यांकडून भांडू लागले. साम्यवादी आणि मधल्या मार्गाचा एक पक्षही होता. त्यांना आमच्याकडे माणूस मिळाला नाही.

"लाचेच्या प्रकरणाने जनता जागी झाली आहे. सत्ताधारी पडणार," मास्तर म्हणाले.

"पडलो तर मी मिशी काढतंय," शेट उसळले. "आणि नाय पडलो तर, मास्तरानू, तुमचा पंधरा ऑगस्टाचा भाषण कायमचा बंद!"

मास्तरांनी मान्य केले, आणि सगळा गाव जपानच्या सत्ताधारी पक्षाला जाऊन मिळाला. मास्तरांचे भाषण पावसाची सर येऊन गेली तरी थांबत नसे. निशाण आणि पोरे भिजून गप्प उभी असत. पाणवठ्यावरच्या बायकाही मला विचारू लागल्या, "काय म्हणता रे तुझो जपान?"

पण खरी काळजी शेटच्या बायकोला. महिन्याभरात मुलीचे लग्न होते. "मिशी काढून मांडवात उभे रवल्यार व्याही वळाकतले तरी काय तुमका? चेडवाचो बापूस खंय म्हणान विचारतले!"

निकाल आला. सत्ताधाऱ्यांना निम्म्याला थोड्या जागा कमी पडल्या. मग काही अपक्षांना घेऊन त्यांनीच सरकार केले. मास्तर म्हणाले, पडले. शेट म्हणाले, खुर्चीवर बसलेल्याला पडलेला कसे म्हणायचे? शेवटी दोघे देवळात गेले. गुरवाने देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावून कौल घ्यावा, असे ठरले. उजवी आधी पडली तर शेट जिंकले, डावी पडली तर मास्तर.

गुरवाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "कौल घेवक माझी ना नाय. पण देवीची हद्द व्हाळाच्या पाण्यापर्यंत. पलीकडचो गाव दुसऱ्या देवाचो. जपान तेच्याय पलीकडे मां?"

यावर अपील नव्हते. पैज रद्द झाली. शेटच्या बायकोने देवीची ओटी भरली आणि गुरवाला लग्नाचे पहिले आमंत्रण दिले. लग्न थाटात झाले. शेट मिशीला तेल लावून मांडवात फिरत होते आणि ज्याला त्याला मिठी मारत होते. आनंदाच्या भरात त्यांनी मास्तरांना चार शब्द बोलायला सांगितले.

मास्तर जपानवर बोलले. पाने वाढलेली होती. भात निवला, वडे निवले. सोलकढी मुळातच थंड असते.