जाड शेपटाची शेंडेनक्षत्रं

तेल्हाऱ्याला पडवीच्या भिंतीवर मी चुन्यानं शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, काढलं, कारण पहाटे आभाळात पाहिलेलं ते रूप डोळ्यांपुढून हलेना. सासूबाई कडाडल्या, "काहून अवदसा घरात आणून राहिली वं?" शेजारणींनीही नाकं मुरडली. त्याच साली कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच शेजारणी येऊन भिंतीवरच्या नक्षत्राला कुंकू लावून गेल्या. मग प्रत्येकीला आपल्या दारावर तसंच हवं झालं, पण शेपूट जाड, फुटलेल्या बोंडासारखं. मी आभाळात पाहिलेलं शेपूट बारीक होतं, तरी मी तसं काढत गेले. सासूबाई कौतुकानं मला पुढं करत आणि माझी मान वर होत नसे. घरी ते पहिलं, बारीक शेपटाचं, समोरच असे. शेवटी मी त्याच्यापुढं धान्याची कणगी सरकवून ते झाकून टाकलं.