कोल्ड रूमचे मामा

ऐंशीच्या दशकात, घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात, प्रयोगशाळेच्या शिपायाला सगळे मामा म्हणत. त्यामुळे त्यांचं नाव विचारायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. मामा मालवणकडचे. कोल्ड रूममध्ये जाताना मे महिन्यातही कानटोपी घालत आणि आतल्या फ्लास्कशी बोलत, "सरका रे, वाईच जागा द्या."

माझा प्रबंध थंडीत वाढणाऱ्या जिवाणूंवर होता आणि माझे जिवाणू थंडीत वाढत नव्हते. दोनदा थेट कोल्ड रूममध्ये ठेवले, दोनदा मेले. तिसऱ्यांदा मेले असते तर माझी शिष्यवृत्ती गेली असती. पण तिसऱ्यांदा ते वाढले, आणि फ्लास्कशेजारी मामांची बर्फाची बादली दिसली.

"मामा, काय केलंत?"

"एक दिवस भायर पाण्यात ठेवलंय, थोडो थोडो बर्फ घालीत. थंडीत खोबरेल कसा थिजता, बघलंस मा? ह्यांका जरा वेळ दी गो." मग आवाज उतरला. "सरांका सांगू नको. फ्लास्काक हात लावलंय म्हणून नोकरी जायत."

माझ्या मार्गदर्शक सरांनी निकाल पाहून अर्धा तास भाषण केलं. थंडीत जिवाणूच्या आवरणातली चरबी घट्ट होऊ लागते, तो ती बदलून पातळ करतो, आणि त्याला वेळ लागतो. शेवटी त्यांनी विचारलं, "सावकाश थंड करायची कल्पना कोणाची?"

मामा दारात ट्रे घेऊन उभे होते.

"माझी," मी म्हणाले.

मी त्यांची नोकरी वाचवली की त्यांची कल्पना चोरली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मामांना तो प्रश्न पडला नसावा. संध्याकाळी त्यांनी न मागता चहा आणून ठेवला आणि हळूच म्हणाले, "उपकार झाले गो बाय."